पहिल्या किमोआधीची खुर्ची

सकाळचे साडेआठ वाजलेत. दंतविभागाचं दार अजून उघडायचं आहे, पण बाहेरची बाकं भरून गेली आहेत आणि उरलेली माणसं भिंतीला पाठ लावून उभी आहेत. मुंबईतल्या एका मोठ्या कॅन्सर रुग्णालयाचा हा मजला. प्रत्येकाच्या मांडीवर फुगलेली फाइल आहे, तिला रबर लावलेलं आहे आणि हाताशी पाण्याची बाटली आहे. त्या बाटल्यांकडे मी बराच वेळ बघत राहते. इथे कुणी घटाघटा पाणी पीत नाही. लहानसा घोट घ्यायचा, तोंडभर फिरवायचा, हळूच गिळायचा आणि झाकण लावायचं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. कुणाची किमो चालू आहे, कुणाच्या जबड्याला शेक, म्हणजे रेडिएशन, देऊन झालाय. लाळ आटलेली माणसं अशी पाणी पितात.

माझ्या शेजारी वहिनी बसल्या आहेत. स्तनाच्या कॅन्सरची त्यांची किमो संपून वर्ष होत आलंय. केस परत आलेत, आधी सरळ होते ते आता थोडे कुरळे. भेटणारा प्रत्येक जण म्हणतो, "आता अगदी पहिल्यासारख्या दिसताय." वहिनी त्यावर हसतात, पण ओठ मिटून. त्यांच्या खालच्या पुढच्या दातांना हिरडीलगत तपकिरी कडा उमटली आहे, वरचे दोन्ही सुळे मुळापाशी झिजून खोलगट झालेत आणि डावीकडची दाढ मागच्या महिन्यात भाकरीची कड चावताना अर्धी तुटून हातात आली.

"ताई, एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठले मी. दातांसाठी कशाला तुमची रजा घालवायची?" त्या म्हणतात.

"वहिनी, हेही त्याच दुखण्याचं आहे," मी म्हणते.

त्या काही बोलत नाहीत. बाटलीचं झाकण उघडतात.

नऊ वाजता वॉर्डबॉय मामा दार उघडतात आणि नंबर पुकारायला लागतात. आत चार खुर्च्या आहेत, प्रत्येकीवर पांढरा झगझगीत दिवा. लवंगेच्या तेलाचा वास दारातच भेटतो. थुंकी ओढून घेणाऱ्या नळीची घरघर चालू आहे. विभागाच्या मॅडम पन्नाशीच्या आहेत, हाताखाली तीन-चार शिकाऊ डॉक्टर. मी लिहिते हे वहिनी त्यांना सांगून टाकतात. मॅडम क्षणभर माझ्याकडे बघतात आणि कोपऱ्यातलं स्टूल दाखवतात. "बसा. बघा सगळं आणि लिहा. लोकांना कळायला हवंय. फक्त पेशंटचं नाव नको, आणि माझंही नको."

पहिल्या खुर्चीवर पंचविशीचा एक तरुण आहे. नाशिककडचा, घरची द्राक्षबाग. लिम्फोमाची तिसरी किमो होऊन नऊ दिवस झालेत. उजवा गाल जबड्याच्या कडेपर्यंत सुजलाय. "मॅडम, ही दाढ काढूनच टाका. रात्रभर ठणकतेय," तो कसंबसं बोलतो.

मॅडम त्याला तोंड उघडायला सांगत नाहीत. आधी हात पुढे करतात. "आजचा रक्ताचा रिपोर्ट?"

पांढऱ्या पेशी ९००. त्यातल्या न्यूट्रोफिल चारशेच्याही आत. प्लेटलेट ३८ हजार. मॅडम शिकाऊ डॉक्टरांकडे वळतात. "न्यूट्रोफिल हजाराच्या खाली किंवा प्लेटलेट ५० हजारांच्या खाली असतील, तर दाताला हत्यार लावण्याआधी थांबायचं आणि किमो देणाऱ्या डॉक्टरांशी बोलायचं. आज ही दाढ काढली तर रक्त थांबणार नाही, आणि जखमेत जंतू शिरले तर त्यांच्याशी लढायला पेशी नाहीत."

तरुणाच्या चेहऱ्यावर प्रश्न आहे. त्या त्याच्याकडे झुकतात. "बागेत तणनाशक मारताना फवारा वेलीवर उडाला तर काय होतं?"

"कोवळी पानं करपतात."

"तसंच आहे हे. झपाट्याने वाढणाऱ्या पेशी किमो मारते. कॅन्सरच्या पेशी तशा असतात. पण हाडातल्या मगजात रक्त तयार करणाऱ्या पेशीही तशाच, आणि तोंडाचं आतलं अस्तरही तसंच. ते आठ-पंधरा दिवसांत नवं होत असतं. म्हणून किमोनंतर सातव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत रक्तातल्या पेशींचे काउंट सगळ्यात खाली जातात आणि तोंडही त्याच दिवसांत येतं."

मॅडमनी त्याच्या काखेत थर्मामीटर लावलेला असतो. १०१. त्यांचा आवाज एकदम बदलतो. एक शिकाऊ डॉक्टर फोनकडे धावते, मामा चाकाची खुर्ची आणतात. काउंट इतके खाली आणि वर ताप, म्हणजे आता मिनिटांचा हिशेब आहे. तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. "आत पू दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका," मॅडम शिकाऊ मुलांना सांगतात. "पू व्हायलासुद्धा पांढऱ्या पेशी लागतात."

तरुणाची आई पिशव्या गोळा करतेय. मॅडम तिला विचारतात, "दाढ कधीपासून किडलेली?"

"दोन वर्षं झाली असतील. अधूनमधून दुखायची. लवंग धरायचा अन् कामाला लागायचा."

"किमोच्या आधी कुणी तोंड बघितलं होतं?"

ती मान हलवते. "गाठीचीच धावपळ होती ओ सगळी."

चाकाची खुर्ची निघते. दाढ निघेल, पण पेशी वर आल्यावर, आणि जखम भरायला वेळ मिळावा म्हणून पुढची किमो लांबवून. दोन वर्षांपूर्वी दुखणारी एक दाढ आता कॅन्सरच्या उपचाराचं वेळापत्रक बिघडवते आहे.

दुसऱ्या खुर्चीवर कॉलेजात जाणारी एक मुलगी. रक्ताचा कॅन्सर, उपचार चालू. खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा दुखतात म्हणते, बोट ठेवून एक दाढ मात्र दाखवता येत नाही. मॅडम आरशाच्या दांडीने एकेक दाढ ठोकून बघतात, थंड लावून बघतात, एक्स-रे उजेडापुढे धरतात. कुठे कीड नाही, हिरडीला सूज नाही. मग फाइल उघडून औषधांची यादी वाचतात. व्हिनक्रिस्टीन. चारच दिवसांपूर्वी दिलेलं.

"दाढा उत्तम आहेत तुझ्या, बाळ. दुखतेय ती नस. या औषधाने जबड्याच्या नसा दुखतात, आणि माणसाला वाटतं दाढच दुखतेय. थोड्या दिवसांनी आपोआप कमी होईल. तोवर दुखण्याची गोळी आपण तुझ्या डॉक्टरांना विचारून देऊ."

वडील सुटकेचा श्वास टाकतात. घराजवळच्या दवाखान्यात दोन दाढांचं रूट कॅनाल करायला सांगितलं होतं म्हणे. व्हिनक्रिस्टीन हे औषध आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळवलेलं. १९६३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि तेव्हापासून रक्ताच्या कॅन्सरच्या असंख्य मुलांना त्याने वाचवलंय. त्याचा हा एक त्रास ठाऊक नसला की चांगल्या दाढांवर उगाच हत्यार चालतं.

बाहेर सिस्टरनी मधल्या वेळात सात-आठ जणांना गोळा केलंय. त्यांच्या हातात उकळून गार केलेल्या पाण्याची लिटरची बाटली आहे. "हे बघा. एक लिटर पाणी. त्यात एक चमचा खायचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ. धुण्याचा सोडा नाही बरं का! दर दोन-तीन तासांनी चूळ भरायची. रोज ताजं पाणी करायचं. टीव्हीवरचं झणझणीत माउथवॉश आणायचं नाही, त्यातल्या अल्कोहोलने तोंड आणखी सोलतं."

"जाईचा पाला चघळला तर?" एक आजी विचारतात. "आमच्याकडं तोंड आलं की तोच देतात."

"काउंट चांगले असताना ठीक, आजी. किमो चालू असताना कच्चा पाला नको. धुतला तरी जंतू राहतात."

"आणि दात घासायचे का? हिरडीतून रक्त येतं म्हणून मी सोडूनच दिलंय," एक गृहस्थ म्हणतात. दोन-तीन जण माना डोलावतात.

"तीच तर गडबड होते!" सिस्टर कळकळीने सांगतात. "घासायचं सोडलं की दातांवर थर चढतो, थराने हिरडी सुजते आणि सुजली की आणखी रक्त. अगदी मऊ ब्रश घ्या, कोमट पाण्यात भिजवा आणि दोन वेळा हलक्या हाताने घासा. रक्त थांबतच नसेल तर मात्र लगेच इथे या. उलटी झाल्यावर लगेच ब्रश फिरवू नका. पोटातलं आम्ल दातांवर असतं, तेवढ्यात घासलं तर दात झिजतात. आधी सोड्याच्या पाण्याने चूळ भरा. आणि जिभेवर दह्यासारखे पांढरे डाग दिसले, जे पुसले तर खाली लाल होतं, ती बुरशी असते. तिला औषध आहे. घरी खरवडत बसू नका."

मी हे सगळं वहीत उतरवून घेते. ही माहिती इतकी साधी आहे, इतकी स्वस्त आहे, आणि वहिनी माझ्याकडे वळून हळूच म्हणतात, "मला यातलं एकही कुणी सांगितलं नव्हतं." त्यांचे उपचार दुसऱ्या शहरात झाले. डॉक्टर चांगले होते, औषधं चांगली होती. तोंडाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. पाच महिने तोंड येत राहिलं आणि त्या पेज आणि दहीभातावर दिवस काढत राहिल्या.

आत तिसऱ्या खुर्चीवर अकरा वर्षांचा मुलगा बसलाय. बीडकडून आई घेऊन आलीय. दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेत उतरलेत, वर्षाच्या तपासणीसाठी. मुलगा तीन वर्षांचा असताना रक्ताचा कॅन्सर झाला, अडीच-तीन वर्षं औषधं चालली, आणि आता तो पूर्ण बरा आहे. क्रिकेट खेळतो, शाळेत जातो. आई म्हणते, "मॅडम, ह्याच्या बरोबरीच्या पोरांचे समदे दात आले. ह्याचे येईनात झाले. अन् आले ते असे बारके. ही दुधाची दाढ तर हलत बी नाही. पाडायची का?"

मॅडम संगणकावर सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे उघडतात. मला बोलावून दाखवतात. पक्क्या दातांची घडण जन्मापासून सुरू होते. पुढची सात-आठ वर्षं हाडाच्या आत एकेक दात आकार घेत असतो. किमो नेमकी त्या वर्षांत आली, तर दात बनवणाऱ्या पेशीही तिच्या माऱ्यात सापडतात. या मुलाच्या दोन उपदाढा बारीक खुंटीएवढ्या आहेत. पुढच्या दातांची मुळं आखूड आणि टोकदार. आणि खालच्या जबड्यात दोन्हीकडे, दुधाच्या दाढेखाली, जिथे पक्का दात दिसायला हवा, तिथे काहीच नाही.

"ही दाढ पाडू नका," मॅडम ठामपणे सांगतात. "हिच्याखाली दुसरा दातच नाही. दुधाची दाढ नीट जपली तर मोठेपणीही वर्षानुवर्षं टिकते. आपण हिच्यावर फ्लोराइड लावू, खाचा भरून घेऊ. दात सरळ करायला तार लावायची असं कुणी म्हणालं, तर हा एक्स-रे आधी दाखवायचा. मुळं आखूड आहेत, जोर लावला तर दात सैल होतील."

आई पदराने डोळे पुसते. "मी काही कमी केलं का हो? अंगावर पाजलं नाही फार दिवस…"

"अहो, तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. दूध, कॅल्शियम, कशाचाही संबंध नाही. औषध दिलं म्हणून तो आज इथे बसलाय. दातांचं आपण बघू. पण दर सहा महिन्यांनी आणायचं. चुकवायचं नाही."

मुलगा आरशात स्वतःचे दात बघतोय. शाळेत पोरं 'उंदीरदात्या' म्हणतात, तो सांगतो. मॅडम त्याला सांगतात की बारीक दातांवर दाताच्याच रंगाचा लेप चढवून ते नेहमीसारखे दिसतील असे करता येतात, पुढच्या भेटीत दोनांचं करू. त्याचा चेहरा उजळतो. बऱ्या झालेल्या मुलाच्या वाट्याला पुढे अख्खं आयुष्य आहे. त्या आयुष्यात त्याने मोकळेपणाने हसावं ही मागणी किमोच्या यशापुढे क्षुल्लक ठरत नाही.

चौथ्या खुर्चीवर साताऱ्याकडचे एक बाबा. धोतर, पांढरी टोपी, कमरेला पट्टा. मायलोमा, म्हणजे हाडांच्या मगजाचा कॅन्सर. हाडं ठिसूळ होऊन मोडू नयेत म्हणून दर महिन्याला झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन. "गावाकडं दात काढला, तवापास्नं हे टोचतंय बघा. जीभ सोलून निघाली," ते तोंड उघडतात. खालच्या जबड्यात आतल्या बाजूला हिरडी भरून आलेलीच नाही. पिवळट हाड उघडं पडलंय. तीन महिने झाले.

ही औषधं हाडाची झीज थांबवतात, आणि त्यासाठी हाडाची स्वतःची मोडतोड-दुरुस्तीच मंदावून ठेवतात. जबड्याच्या हाडाला ही दुरुस्ती फार लागते. दात काढल्यावर तर सगळ्यात जास्त. जखम भरत नाही, हाड उघडं राहतं आणि मरतं. रॉबर्ट मार्क्स या अमेरिकी शल्यचिकित्सकाने २००३ साली अशा रुग्णांची नोंद पहिल्यांदा जगापुढे ठेवली. आठ आठवड्यांहून जास्त काळ हाड उघडं राहिलं की आज या त्रासाचं निदान करतात.

"दात काढताना इंजेक्शनचं सांगितलं होतं का, बाबा?"

"त्येनी इचारलं न्हाई, म्या सांगितलं न्हाई. इंजेक्शन कमरंचं, दात तोंडातला. मला काय ठावं?"

मॅडम त्यांच्या खांद्यावर हात ठेवतात. टोचणारी धार घासून गुळगुळीत करतात, जंतुनाशक द्रावण आणि गोळ्या लिहून देतात, महिन्याने बोलावतात. दुखणं थांबेल, संसर्ग आवरेल. हाड झाकलं जायला मात्र बरेच महिने लागू शकतात. ज्या दाताने हे सुरू झालं, तो इंजेक्शनाच्या आधी काढला असता तर हे टळण्याची शक्यता फार मोठी होती.

अकरा वाजून गेलेत. वहिनींचा नंबर लागतो. मॅडम आधी सगळी हकिकत ऐकून घेतात. चार वेळा लाल औषधाची किमो, मग पुढची किमो, ऑपरेशन, शेक, आणि आता रोज हार्मोनची गोळी.

"तोंडाला कोरड पडली की काय करता?"

वहिनी पर्समधून लिमलेटच्या गोळ्यांचं पाकीट काढतात. किमोच्या दिवसांपासून ती सवय आहे. तोंडाची कडवट, लोखंडासारखी चव जायची, जरा लाळ सुटायची. रात्री झोपतानाही एक गालात असायची. जोडीला चहात बुडवलेली ग्लुकोज बिस्किटं, कारण दुसरं काही गिळवत नसे.

मॅडम रागावत नाहीत. "तुमच्या जागी मीही हेच केलं असतं. पण आता बघा काय झालं ते. आपल्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. अन्नकण ती धुऊन नेते, आम्ल मारते, आणि तिच्यातलं कॅल्शियम दातात परत भरते. लाळ आटली की ही तिन्ही कामं बंद. त्यात साखर सतत दातांवर. मग हिरडीच्या कडेला, जिथे दात नाजूक असतो, तिथे कीड धावते. किमोने आटलेली लाळ बहुतेकांची थोड्या महिन्यांत परत येते, तुमचीही बरीचशी आलीय. पण तोवर कीड सुरू झालेली होती. ज्यांच्या जबड्याला शेक दिलेला असतो त्यांची कोरड तर पुष्कळदा जन्मभर राहते."

मग त्या एकेक दात दाखवत बोलतात. पुढच्या दातांची कीड वरवरची आहे, ती साफ करून फ्लोराइड सोडणारं सिमेंट भरता येईल. सगळ्या दातांना आज फ्लोराइडचा लेप, आणि तो दर तीन महिन्यांनी. रोजच्या पेस्टपेक्षा जास्त फ्लोराइडची पेस्ट चिठ्ठीवर. गोळी चघळायचीच असेल तर बिनसाखरेची. तुटलेली दाढ मात्र हिरडीच्या खालपर्यंत चिरलीय, ती काढावीच लागेल.

"हाडांसाठी काही इंजेक्शन सांगितलंय का?" मॅडम अचानक विचारतात.

"हो. हार्मोनच्या गोळीने हाडं ठिसूळ होतात म्हणून सहा महिन्यांनी एक द्यायचं म्हणालेत. पहिलं पुढच्या आठवड्यात आहे."

मी चौथ्या खुर्चीकडे बघते. वहिनीही बघतात. बाबा नुकतेच उठून गेलेत.

"ते घ्यायचंच आहे, पण दाढ आधी," मॅडम म्हणतात आणि तिथल्या तिथे वहिनींच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहायला बसतात. दाढ आज काढतो आहोत, हिरडी पूर्ण भरल्यावरच इंजेक्शन द्यावं. रक्ताचा रिपोर्ट चांगला आहे. भुलीची सुई टोचतात, आणि पंधरा मिनिटांत दाढेचे दोन्ही तुकडे ट्रेमध्ये पडलेले असतात. वहिनी कापसाचा बोळा दाबून माझ्या शेजारी येऊन बसतात.

पलीकडच्या खुर्चीवर आता रायगडकडच्या एक मावशी आहेत. अंडाशयाचा कॅन्सर. किमो अजून सुरू व्हायची आहे. त्यांना इथे तपासणीसाठी पाठवलंय, आणि यजमानांना ते पटलेलं नाही. "दातांचं काय, मागाहून बघू ना मॅडम. पयलं सलाईन लागू दे. इथं दिवस जातात आमचे."

मावशींचे दात काळे आहेत. मशेरी. सकाळी, जेवल्यावर आणि झोपताना. तीन दातांचे नुसते खुंट उरलेत, एक दाढ हलते आहे, आणि एका खुंटाशी हिरडीवर पुळी आहे. भाजलेल्या तंबाखूने दात घासायची ही सवय आपल्याकडच्या हजारो घरांत आईकडून लेकीकडे येते. ती दात साफ करते असा समज आहे. प्रत्यक्षात ती हिरड्या सोडवते आणि तोंडाच्या कॅन्सरला आमंत्रण देते.

मॅडम किमोच्या डॉक्टरांना फोन लावतात. "दात काढल्यावर किमोआधी सात ते दहा दिवस मिळाले तर जखम भरते. तुम्हाला थांबता येईल का?" पलीकडून होकार येतो. मॅडम आम्हाला सांगतात की प्रत्येक वेळी असं थांबता येतं असं नाही. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये एक दिवसही घालवणं धोक्याचं असतं. तेव्हा दात न काढता जंतुसंसर्ग दाबून ठेवायचा आणि काउंटवर नजर ठेवायची. पण तेही दातांची अवस्था आधी माहीत असेल तरच जमतं.

यजमान अजून घुटमळताहेत. तेवढ्यात वहिनी उठतात. तोंडात बोळा आहे, बोलायचं नाही असं सांगितलेलं आहे, तरी त्या जातात. मावशींच्या हातावर हात ठेवतात आणि दातांतून शब्द काढतात, "मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगताहेत. करून घ्या."

मावशी यजमानांकडे बघत नाहीत. मॅडमना म्हणतात, "काढा." आणि थोडं थांबून, "मशेरी सुटंल का ओ?"

"सुटेल. खालच्या मजल्यावर त्यासाठी वेगळा विभाग आहे. आजच जाऊन या. औषध देतात, रोज फोनही करतात."

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत चारही खुर्च्या भरलेल्याच राहतात. या सकाळी इथे जे दिसलं, त्यातलं काही टाळता येण्यासारखं नव्हतं. त्या मुलाच्या दातांचं कुणीच काही करू शकलं नसतं, त्या मुलीच्या जबड्याचं दुखणंही औषधासोबतच आलं. पण तरुणाची दाढ, बाबांचं उघडं हाड आणि वहिनींची कीड, या तिन्ही गोष्टी उपचार सुरू व्हायच्या आधीच्या एका तपासणीत आणि थोड्या माहितीत रोखता आल्या असत्या. कॅन्सरच्या निदानानंतर घरात जी धावपळ उडते, तिच्यात दातांची आठवण कुणाला होत नाही हे मी समजू शकते. पण ज्यांचं हे रोजचं काम आहे, त्या प्रत्येक कॅन्सर केंद्राने ती आठवण ठेवायलाच हवी. किमोच्या पहिल्या चिठ्ठीबरोबर दंतवैद्याकडे पाठवण्याची चिठ्ठी मिळालीच पाहिजे, मग रुग्णालय मोठ्या शहरातलं असो की जिल्ह्याच्या गावातलं.

ती मिळाली नाही तर तुम्ही मागा. घरात किंवा नात्यात कुणाला कॅन्सर सांगितला असेल, तर पहिल्या किमोआधी आणि हाडाच्या पहिल्या इंजेक्शनाआधी दात दाखवून घ्या. किमो चालू असताना दाताला हात लावू देण्याआधी त्या दिवसाचा रक्ताचा रिपोर्ट दाखवा. साध्या दंतवैद्याकडे गेलात तरी कुठली किमो, कुठलं इंजेक्शन आणि कधी शेक झाला, हे त्यांनी न विचारताही सांगा. गाल सुजला आणि ताप आला तर सकाळची वाट बघू नका. मऊ ब्रश, सोड्या-मिठाचं पाणी आणि बिनसाखरेची गोळी एवढं घरात असू द्या. उपचार संपल्यावर दर तीन ते सहा महिन्यांनी दात तपासून घ्या, लहान मुलांचे तर अठरा वर्षांपर्यंत न चुकता. दातांची काळजी हा कॅन्सरच्या उपचाराचाच भाग आहे, आणि तो पहिल्या दिवसापासून मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे.